मारागातोचे दोन घोडे

मराठीत बंदुकीलाही घोडा असतो. ठासणीच्या जुन्या बंदुकीवर गारगोटी जबड्यात धरून बसलेला, मागे ओढला की दबा धरणारा आणि सुटला की पुढे झेपावणारा लोखंडी तुकडा, तो घोडा. स्पॅनिशमध्ये त्याच भागाला ‘पिए दे गातो’ म्हणतात, म्हणजे मांजराचा पाय. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाची सहा लहान चित्रं आहेत. एका घोडेस्वार वाटमाऱ्याची फजिती त्यांत रंगवली आहे. मराठी डोळ्यांनी ती पाहताना हा श्लेष काही पाठ सोडत नाही. कारण या माणसाच्या हातून आधी एक घोडा जातो आणि मग दुसरा.

वाटमाऱ्याचं नाव पेद्रो पिन्येरो, पण स्पेनभर तो ‘एल मारागातो’ म्हणूनच ठाऊक होता. मारागातो म्हणजे लेओन प्रांतातल्या आस्तोर्गा शहराजवळच्या मुलखातला माणूस. खेचरांवरून मालाची ने-आण करणारे म्हणून तिथले लोक प्रसिद्ध. पिन्येरो शिक्षा भोगत असलेला कैदी होता. तो निसटला आणि 1806 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा लुटालूट करू लागला. 10 जून 1806 रोजी तोलेदो प्रांतातल्या ओरोपेसाजवळ एका घरात शिरून त्याने बंदुकीच्या धाकाने तिथल्या माणसांना कोंडलं. त्याच वेळी भिक्षा मागत एक फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला भिक्षू, दाराशी आला. त्याचं नाव फ्राय पेद्रो दे साल्दिव्हिया. तो दीक्षा घेतलेला पाद्री नव्हता. मठाची अंगमेहनतीची कामं करणारा आणि गावोगाव फिरून धान्य-पैसा गोळा करणारा साधा सेवक होता. त्यालाही आत ढकलण्यात आलं. लुटारूला जोड्यांची गरज होती. फ्राय पेद्रोने जोडे पुढे केले आणि तो ते घेऊ लागला तोच बंदूक बाजूला ढकलून तिला हात घातला. झटापट झाली, बंदूक फ्राय पेद्रोकडे आली, लुटारू बाहेर आपल्या घोड्याकडे धावला आणि पाठीमागून सुटलेल्या गोळीने कमरेखाली जखमी होऊन पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माद्रिदला त्याला फाशी दिलं.

फ्राय पेद्रो ज्या शाखेचा होता तिचं नावच ‘अनवाणी’ फ्रान्सिस्कन. अनवाणी पंथाच्या माणसाने जोडे दाखवून दरोडेखोराला फसवावं, हे कुणी रचून सांगितलं असतं तर जरा जास्तच झालं असतं.

गोया तिथे नव्हता. तो तेव्हा 60 वर्षांचा होता, 1799 पासून दरबाराचा प्रथम चित्रकार होता आणि 1792-93 च्या आजारपणापासून ठार बहिरा झालेला होता. ही हकिकत माद्रिदभर पसरली ती तोंडी, छापील पत्रकांतून आणि स्वस्त चित्रांतून. स्पेनमध्ये ‘आलेलुया’ नावाचे चित्रांचे ताव विकले जात. एका कागदावर छोटे चौकोन, बहुतेक वेळा 48, आणि कधी प्रत्येकाखाली एखादी यमकाची ओळ. गोष्टीचे तुकडे पाडून ओळीने मांडायची सवय त्या लोकांच्या डोळ्यांना होतीच. गोयाने ती सवय उचलली, 48 चे सहा केले आणि कागदाऐवजी लाकडी फळ्या घेतल्या.

प्रत्येक फळी साधारण 29 बाय 38.5 सेंटिमीटर, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षा थोडी लहान. पहिल्या चित्रात लुटारू फ्राय पेद्रोवर बंदूक रोखतो. दुसऱ्यात फ्राय पेद्रो जोडे पुढे करतो. तिसऱ्यात बंदूक हिसकावतो. चौथ्यात तिच्या दस्त्याने हाणतो. पाचव्यात लुटारूवर गोळी झाडतो आणि घोडा उधळून पळतो. सहाव्यात त्याला दोरीने बांधतो. सांगायला इतकं सोपं आहे, आणि म्हणूनच या चित्रांपुढून लोक भराभर निघून जातात. थांबायला हवं ते दोन चित्रांच्या मधल्या जागेत. दुसऱ्या आणि तिसऱ्यात जेमतेम एका श्वासाचं अंतर आहे. चौथ्या आणि पाचव्यात काही सेकंद जातात, कारण तेवढ्यात एक माणूस धावत सुटतो आणि दुसरा बंदूक फिरवून खांद्याला लावतो. पाचव्या आणि सहाव्यात मिनिटंसुद्धा असतील. फळ्या सारख्या मापाच्या, त्यांच्यातला काळ मात्र कमी-जास्त. हाताघाईचा क्षण आला की गोया चित्रं दाटीने लावतो आणि माणसं पांगली की विरळ करतो.

त्या क्षणात नेमकं काय घडलं ते कळायला हवं तर बंदूक कळायला हवी. स्पेनमध्ये त्या काळी गारगोटीच्या बंदुकांवर तिकडची खास कळ असे, ‘यावे दे पातिया’. तिची जाडजूड कमान, म्हणजे घोड्याला जोर देणारी स्प्रिंग, आत दडलेली नसून बाहेरच्या अंगाला उघडी असे. गारगोटी आवळणाऱ्या स्क्रूच्या डोक्याला कडी असे, त्यामुळे हत्यार जवळ नसलं तरी त्या कडीत काडी किंवा खिळा घालून गारगोटी घट्ट करता येई. गारगोटी जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीवर उभ्या खाचा पाडलेल्या असत. ओबडधोबड गारगोटीनेही ठिणगी पडावी, हा या सगळ्याचा हेतू. दिसायला ओंगळ, कामाला पक्की. रानावनात फिरणाऱ्या माणसाला असंच हत्यार परवडतं.

भरण्याची रीत अशी. घोडा अर्ध्यावर ओढून अडकवायचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कापडाचा किंवा कागदाचा बोळा आणि गोळी, मग गजाने ठासायचं. गज परत खोबणीत सरकवायचा. विसरला तर तो गोळीबरोबर उडून जातो आणि बंदूक पुन्हा भरता येत नाही. मग रंजकदानात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालून झाकण पाडायचं आणि घोडा पूर्ण मागे ओढायचा. चाप दाबला की गारगोटी झाकणाच्या उभ्या पट्टीवर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकावर पडतात आणि कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, आग आत जाते. यात बिघडण्यासारखं खूप आहे. गारगोटीची धार गेलेली असली तर ठिणगी पडत नाही. हवा दमट असली तर रंजक सर्दावतं. कान काजळीने बुजला असला तर बाहेर भडका उडतो आणि आत काहीच होत नाही. सगळं नीट झालं तरी बार एकच. कवायत केलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी तो जमिनीवर उभा राहून, आयती काडतुसं फाडून. घोड्यावर बसून, एका हातात लगाम धरून गज चालवणं ही निराळीच कसरत होती. म्हणून घोडेस्वार वाटमारे एका बंदुकीवर भागवत नसत. उरलेल्या भरून खोगिराला अडकवलेल्या असत.

आता पुन्हा चित्रांकडे. पहिल्या चित्रात मारागातोजवळ एक भरलेली बंदूक आहे आणि तिचं सगळं सामर्थ्य तिने न सुटण्यात आहे. कोंडलेली माणसं अनेक आणि बार एक. तो झाडला की पुढची वीसेक सेकंदं हातात नुसता सोटा उरतो. हे लुटारूला माहीत असतं आणि समोरच्यांनाही, फक्त पहिली गोळी आपल्याला लागू नये असं प्रत्येकाला वाटत असतं. वाटमारीचा धंदा या हिशेबावर चालतो. त्यासाठी अंतर राखावं लागतं. लष्करी बंदूक दीड मीटरच्या आसपास लांब आणि साडेचार किलोच्या घरात असे. शिकारी किंवा डाकूंच्या बंदुका हलक्या आणि आखूड असत, तरी हातभर नळी पुढे आलेली असायचीच. समोरचा माणूस त्या नळीच्या टोकाच्या आत आला की बंदूक निरुपयोगी. नळी धरणाऱ्याला तरफेचा लांब दांडा मिळतो आणि दस्ता धरणाऱ्याच्या वाट्याला आखूड बाजू येते. टोक थोडंसं ढकललं की नेम गेलाच.

जोड्यांचं महत्त्व इथे आहे. काही घ्यायचं तर एक हात बंदुकीवरून काढावा लागतो आणि एक पाऊल जवळ यावं लागतं. फ्राय पेद्रोने लुटारूला दोन्ही करायला लावलं. दुसरं चित्र वरवर शांत दिसतं, भिक्षा मागणाराच काहीतरी देतो आहे असं. लुटारूची सगळी बाजू खरं तर तिथेच कोसळते. तिसऱ्या चित्रातली ओढाताण हा त्याचा नुसता परिणाम. सहांतलं सर्वांत चांगलं चित्र कोणतं असं विचारलं तर बहुतेक जण पाचव्याकडे बोट दाखवतात, धूर आणि पळता घोडा आहे म्हणून. माझं मत दुसऱ्याला. हात पुढे झाला आहे आणि अजून काहीच घडलेलं नाही, हे रंगवणं फार अवघड.

चौथ्या चित्रात एक गोष्ट आहे जी बंदूक हाताळलेल्या माणसाच्या अंगावर काटा आणील. फ्राय पेद्रो दस्त्याने मारतो आहे आणि पुढच्याच चित्रात त्याच बंदुकीचा बार काढतो आहे. मध्ये ती भरायला वेळच नाही. म्हणजे मारताना बंदूक भरलेली होती. भरली बंदूक उलटी धरून हाणायची तर नळीचं तोंड आपल्याच अंगाकडे किंवा खांद्याआड येतं. प्रत्येक ठोक्याला कळेला हादरा बसतो. घोडा अडवून धरणारी अटक झिजलेली असेल तर घोडा आपोआप सुटतो आणि गोळी मारणाऱ्याच्याच पोटात जाते. असे अपघात त्या काळच्या शिपायांना अनोळखी नव्हते. दुसरा धोका कमी भयंकर पण जास्त संभाव्य: आपटाआपटीत झाकण उघडून रंजक सांडतं आणि नंतर चाप दाबला तर नुसता टकटक आवाज. फ्राय पेद्रोच्या बाबतीत दोन्ही घडलं नाही. ओबडधोबड स्पॅनिश कळेची जाड कमान इथे उपयोगी पडली असेल, असा माझा कयास. मग त्याने आधीच गोळी का झाडली नाही? मला वाटतं, माणूस मारण्याची त्याची इच्छा नव्हती आणि ज्या चणीचा मारागातो होता त्याला ठोक्याने आवरता येईल असं त्याला वाटलं. गोया तरी ते तसंच रंगवतो. चौथ्या चित्रातला फ्राय पेद्रो एखाद्या ओझ्याशी झटणाऱ्या हमालासारखा दिसतो, वीराची ऐट त्याच्यात कुठेच नाही.

लुटारू घोड्याकडे का धावला हे आता वेगळं सांगायला नको. पळून जायला घोडा हवा होताच, आणि दुसऱ्या बंदुकाही तिथेच होत्या. बंदुकीवरचा घोडा हातातून गेला होता आणि आता सगळी भिस्त चार पायांच्या घोड्यावर होती. पण लगाम धरायला कुणी नव्हतं, आणि जवळच आरडाओरडा, धावणारं माणूस, पाठोपाठ बार. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं सोडून. दचकला की तो आधी पळतो आणि विचार मागून करतो. लष्करात घोड्यांना बारांची सवय हळूहळू लावतात. लांबवर, दाणा खाताना, एकेक बार, मग दिवसागणिक जवळ. तेही सोबत न बुजणारा जुना घोडा बांधून. रोजच्या सवयीतल्या माणसाच्या हाती लगाम असेल तर असा घोडा गोळीबारात उभा राहतो, पण मोकळा सोडलेला घोडा आवाजापासून लांब जातो. पाचव्या चित्रात तो तेच करतो आहे. त्याच्यासोबत खोगीर गेलं, खोगिराच्या बंदुका गेल्या आणि मारागातोचा धंदाही गेला. घोडेस्वार लुटारूला पायी उभं केलं की तो बिनाजोड्यांचा एक थकलेला कैदी उरतो.

रंगकामाबद्दल थोडं. कापडाचा पोत कुंचल्याला अडवतो, लाकडावर कुंचला घसरतो. त्यामुळे फळीवर प्रत्येक फटकारा ठळक राहतो आणि चूक झाकता येत नाही. फळी तयार करणं मात्र वेळखाऊ. नीट वाळलेलं लाकूड रांध्याने साफ करायचं, सरसाचा पातळ हात द्यायचा, मग सरसात कालवलेल्या खडूचे थरावर थर, प्रत्येक थर वाळू देऊन, शेवटी घासून गुळगुळीत. एकाच बाजूला लेप दिला तर फळी दोन्ही अंगांनी सारखी दमट होत नाही आणि वाकते, म्हणून जाणकार मागच्या बाजूलाही हात मारतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, म्हणून रंगाला तडे जातात ते रेषांना समांतर. काळे रंग जवसाच्या तेलात वाळायला फार वेळ घेतात, शिशाचा पांढरा पटकन वाळतो. जाड काळ्यावर घाईने पांढरा चढवला की वरचा थर आधी आवळतो आणि खालचा सरकतो, मग भेगा पडतात. ओल्यावर ओलं काम करताना कुंचला दोनपेक्षा जास्त वेळा फिरवला तर सगळं गढूळ होतं. या सहा फळ्यांवर गोयाने कुंचला मोजकाच फिरवला आहे. चेहरे ढोबळ, भिंती जवळपास कोऱ्या, फ्राय पेद्रोचा जाडाभरडा झगा म्हणजे एकच मोठा आकार. लक्ष फक्त कोपर, गुडघा, मनगट आणि नळी यांच्यावर.

वाटमारी गोयाला नवी नव्हती. 1786-87 मध्ये ओसुना घराण्याच्या माद्रिदबाहेरच्या हवेलीसाठी त्याने गाडीवर पडलेल्या दरोड्याचं मोठं चित्र केलं होतं. त्याच्या बिलातला तपशील तर थंडगार आहे: गाडीवाले आणि प्रतिकार करणारा एक लष्करी अधिकारी मारले गेले आहेत आणि लुटारू आता एका बाईला आणि एका माणसाला बांधायच्या बेतात आहेत. आजारपणानंतर, 1793-94 मध्ये, कल्हईच्या पत्र्यावर केलेल्या छोट्या चित्रांत हाच विषय पुन्हा येतो. मार्केस दे ला रोमाना यांच्या संग्रहातल्या चित्रांत डाकू कैद्यांना गोळ्या घालतात, बाईचे कपडे ओरबाडतात, तिचा जीव घेतात. त्यांत सुटका कुणाची नाही. मारलेली माणसं खाली आणि जिवंत असलेली गुडघ्यांवर, अशीच सगळी मांडणी. लुटणारा आणि लुटला जाणारा यांच्यातलं अंतर एकदा ठरलं की हलत नाही. मारागातोच्या फळ्यांत ते बोटाबोटाने कमी होतं, मिटतं आणि उलटं होऊन पुन्हा वाढतं. गोयाच्या वाटमाऱ्यांमध्ये असं इतर कुठे दिसत नाही.

दोन वर्षांत, 1808 मध्ये, नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये होतं. 1814 मध्ये गोयाने ‘3 मे’चं चित्र केलं, फ्रेंच शिपाई माद्रिदच्या माणसांना गोळ्या घालतात त्याचं, 268 बाय 347 सेंटिमीटर. मारागातोच्या ऐंशीहून जास्त फळ्या त्यात मावतील. तिथेही नळ्या छातीपासून हातभर अंतरावर आहेत. पण त्यांच्या टोकांना संगिनी आहेत आणि बंदुका एक नाही, रांगेने आहेत. एक नळी बाजूला ढकलून काही होणार नाही. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात वर करतो आणि त्या हातांत द्यायला किंवा हिसकवायला काहीच नाही.

ही सहा चित्रं गोयाने विकली नाहीत. 1812 मध्ये बायको होसेफा वारल्यावर घरातल्या मालमत्तेची वाटणी झाली, तेव्हा ती घरीच होती. यादीतली नोंद एका ओळीची आहे: ‘मारागातोची सहा चित्रं’, किंमत 700 रेआल. फ्राय पेद्रोचं नाव त्या ओळीत नाही.